आंबट बंद

कापशी मेलेली आहे, हे टोपलीवरचं फडकं सारताच डॉक्टर सुलक्षणाला कळलं. तरी तिनं स्टेथोस्कोप कानाला लावला आणि त्या मुठीएवढ्या पांढऱ्या छातीवर जरा जास्तच वेळ टेकवून ठेवला. समोर सोनगीरचे झुलालनाना उभे होते. त्यांच्या तोंडाकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.

"माले माहीत शे, ताई," नाना म्हणाले. "एसटीमाच गयी ती. काबर गयी, तेवढं सांगा."

धुळ्यातल्या या दवाखान्यात शेळ्या यायच्या, कुत्री यायची, एखादा पोपट यायचा. गिनीपिग क्वचित. एसटीतही कंडक्टरनं टोपलीत डोकावून "ससा का, नाना?" म्हणून चेष्टा केली होती, आणि नानांनी अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, की ससा नाही, गिनीपिग आहे, माझ्या नातीचं आहे. नात पुनम शिकायला जळगावला गेली, तेव्हा पिंजरा आजोबांच्या खाटेशेजारी ठेवून गेली होती. नानांनी तो मग तिथून हलूच दिला नाही.

सुलक्षणानं कापशीला उचललं. गुडघे सुजलेले, हिरड्यांशी वाळलेलं रक्त, अंगावरचे केस राठ. काय झालं असावं, ते तिच्या ध्यानात आलं.

"खायला काय देत होता, नाना?"

"कडबा. बाजरीनी भाकर. कोमट पानी." नाना एकेक शब्द धड्यासारखा म्हणाले. "तिना सांधा धरनात ना, तवयपाशी बठ्ठं आंबट बंद करं. थंड बी बंद. जाम नही, टमाटा नही, कोथमीर नही. वाळूना शेक दिधा."

जाम म्हणजे पेरू. नानांच्या दारातलं झाड यंदा फांद्या मोडतील इतकं लगडलं होतं. नानांचेही गुडघे धरलेले, त्यामुळे त्यांनीही लोणचं, ताक, पेरू सगळं सोडलं होतं. दोघांचं पथ्य एकच. सून हसायची, म्हणायची, सासऱ्यांना सोबत मिळाली.

"मन्हं काही चुकनं का, ताई?"

सुलक्षणानं त्यांच्याकडे पाहिलं. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी. मेलेल्या जिवाला घेऊन आलेला माणूस सहसा असा नीटनेटका नसतो. हे घरून निघाले तेव्हा ती जिवंत होती. तिला फार वाईट वाटलं.

"नाही हो, नाना," ती म्हणाली. "वय झालं होतं तिचं."

नानांचा जीव भांड्यात पडला. खांदे सैल झाले, डोळे भरून आले. त्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि टोपी परत घातली.

"मंग पुनमले तसंच सांगस. म्हातारी व्हयनी म्हनीसन गयी." मग त्यांनी टोपलीतला कडबा बाजूला केला. खाली एक काळं पिल्लू अंग चोरून बसलं होतं. "ही उडदी. तिनी पोर. आते ही बी लंगडाले लागनी. पन हिना बाबतमा मी हयगय नही करनार. एकच पिंजरामा व्हती म्हनीसन हिले बी आंबट कमीच भेटे; कालदीसपाशी ते पक्कं बंद शे."

सुलक्षणानं उडदीचे गुडघे चाचपले. तेही सुजू लागले होते. एक क्षण तिला वाटलं, नुसतं औषध लिहून द्यावं आणि गप्प बसावं. पण घरी गेल्यावर हा माणूस हिलाही असाच जीव लावणार होता.

"नाना, बसा जरा."

"बठाले काय व्हयनं?"

"मी खोटं बोलले. वयानं नाही गेली ती. माणसाचे सांधे धरले की आपण आंबट सोडतो. या जनावराचं उलटं असतं. याला पेरू, टमाटा, हिरवं काहीतरी रोज लागतं. ते मिळालं नाही की सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं. मग ते खायचं सोडतं."

नाना बसले नाहीत. टेबलाची कड धरून उभे राहिले. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.

"घरमा कोनी जाम चिरे ना, का ती शिट्या मारे," ते सावकाश म्हणाले. "पाय उचलाये नही, तरी घसरत घसरत जाळीपावत ये. माले वाटे, पाय दुखतस म्हनीसन वरडस. मी तिना पाठवरथून हात फिरावू आन् सांगू, नही मन्ही माय, तुले पथ्य शे."

सुलक्षणानं डब्याच्या पिशवीतून स्वतःचा पेरू काढला, धुतला आणि टेबलावर ठेवला. "हिचं अजून हाताबाहेर गेलेलं नाही. सी जीवनसत्त्वाचे थेंबही देते. पण हे आत्ताच खाऊ दे."

"पुनमले मीच सांगसू," नाना म्हणाले. "खरं तेच सांगसू."

तिनं सुरी चालवली. पेरूचा करकर आवाज झाला आणि कडब्यातून उडदीनं लांबलचक शिटी मारली.

नानांनी घाईनं फडकं ओढलं आणि कापशीचे कान झाकले.