बाकी

मशीन थांबलं तेव्हा नऊशे चाळीस वेढे झाले होते. स्वप्नालीने काही करायच्या आत आकडा पुसला गेला. अर्धवट गुंडाळलेली कॉइल आता भंगारात जाणार. तार केसाएवढी बारीक, कुठवर आलो ते डोळ्यांनी मोजता येत नाही.

गुरुवार होता, दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवायचा दिवस, पुनावळ्यात सकाळपासून लाइट नव्हती. पण घरावर सोलर होतं, बॅटरी होती, आणि नवऱ्याने, नवनाथने, गेल्या महिन्यात भिंतीवर बसवून घेतलेली पेटी होती. बॅटरी उतरू लागली की काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं, ते ही पेटी आपलं आपण ठरवायची. शेजारच्या खोलीत सासऱ्यांचा एसी चालू होता. फ्रिज चालू होता. बंद पडलं होतं ते तिचं मशीन.

तिने नवनाथला कंपनीत फोन लावला.

"अगं, दोन दिवस आभाळ आहे ना, म्हणून पेटी लोड कमी करतेय," तो म्हणाला. "आपोआप होतं ते. मोबाइलवर यादी आहे, बघ."

तिने यादी उघडली. एक, आबांचा एसी. दोन, फ्रिज. तीन, टीव्ही. चार, इंटरनेट. पाच, बाकी. तिचं मशीन 'बाकी'त होतं, गिझर आणि जिन्यातल्या दिव्याबरोबर.

मुलगी व्हायच्या आधी स्वप्नाली चाकणला वायंडिंगच्या कामावर होती. आता एक जुनं मशीन दुरुस्त करून घरात मांडलं होतं. पाच कॉइल नमुन्याला द्यायच्या होत्या. त्या पास झाल्या तर दर महिन्याचं काम मिळणार होतं. न्यायला माणूस पाच वाजता येणार. तीन तयार होत्या, चौथी ही अशी गेली, आणि दोन वाजून गेले होते.

यादीतली ओळ बोटाने वरखाली सरकवता येत होती. पण आबांच्या नावावर बोट ठेवून ते खाली ओढायला तिचा हात होईना.

"मशीन का गप झालं?" सासरे, धोंडीबा, दारात उभे होते.

तिने मोबाइल पुढे केला. त्यांनी तो लांब धरून एकेक ओळ वाचली.

"आमच्या कंपनीत लाइट गेली, की जनरेटर आधी कुणाला द्यायचे, ठावं हाय?"

"कुणाला?"

"भट्टीला. ती गार पडली तर समदं काम वाया. सायबाची केबिन शेवटाला." त्यांनी मोबाइल परत दिला. "मला पाचावर टाक."

"आबा, उकडतंय किती आज."

"तीस वर्सं भट्टीम्होरं काढली म्या. मला उकाडा सांगती व्हय?"

तिने त्यांची ओळ खाली ओढली. वर नवी ओळ घेतली, तेव्हा नाव विचारलं गेलं. 'मशीन' एवढंच लिहिलं. मग ते पुसून 'स्वप्नालीचं मशीन' असं पूर्ण लिहिलं. शेजारच्या खोलीतला एसी थांबला. तिने नवी तार ओवली आणि एकपासून सुरुवात केली.

चौथी कॉइल उतरवून तिने मीटर लावला. आकडा बरोबर आला. पाचवी चढवली.

नवनाथ पहिली शिफ्ट करून आला तेव्हा चार वाजले होते. धोंडीबा बाहेर पायरीवर बसले होते. बंडी घामाने पाठीला चिकटलेली, हातात घडी घातलेला पेपर, त्याचाच वारा घेत होते.

"आबा, बाहेर का बसलाय? एसीला काय झालं?"

घरातून मशीनचा एकसारखा आवाज येत होता.

"हळू बोल," धोंडीबा म्हणाले. "आत शिफ्ट चालू हाय."