डाव्या बाजूची माणसं

डोळ्यांच्या दवाखान्यात विलिकेसाने नस तपासायच्या यंत्राच्या पडद्यावरच्या चौकटीतला चोवीस खोडला आणि एकवीस पूर्णांक तीन भरला. चोवीस मिलिमीटर ही डोळ्याची लांबी. यंत्र बनवणाऱ्यांनी ती साऱ्या जगासाठी एकच धरली होती. चपलासुद्धा कुणी एका मापाच्या विकत नाही.

समोर हनुवटी टेकवून त्याचा मामेभाऊ आपेनिसा बसला होता. लौतोका ते बा या दोन गावांमधली बस चालवायचा. तवाले म्हणजे आते-मामेभाऊ, आणि तवाल्यांनी एकमेकांची टर उडवायचीच, फिजीत ती रीतच आहे.

"किती वेळ बघतोयस, तवाले? तुझी बायको सापडली का आत?"

विलिकेसा हसला नाही.

लांबी मोजायचं उपकरण शेजारच्याच खोलीत होतं, मोतीबिंदूवाल्यांसाठी. तिथला आकडा दोन पावलं चालून इकडे आणायचं सात वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. त्यालाही नाही. आपेनिसाचा डोळा आखूड. त्यामुळे यंत्राचं वर्तुळ नसेच्या अगदी मुळाशी पडत होतं, आणि तिथे नसेच्या तंतूंचा थर सगळ्यांचाच जाड असतो. दर वर्षी कागद हिरवा, म्हणजे सगळं ठीक, असा यायचा. दर वर्षी विलिकेसा त्याच्या पाठीत थाप घालून म्हणायचा, गाढवाला काय होतंय.

आता जुनी छायाचित्रं खऱ्या लांबीने पुन्हा मोजून येऊ लागली. डावा डोळा. पहिलं वर्ष हिरवं. दुसरं हिरवं. तिसरं पिवळं. चौथं लाल. पुढची सगळी लाल.

त्याने काहीतरी चेष्टा शोधली. सापडली नाही.

"डाव्या डोळ्याची नस मेलीय," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. डावीकडून येणारं तुला दिसतच नाही, अगदी जवळ आलं की एकदम दिसतं. गेलं ते परत येत नाही. मी चुकीचं मोजत होतो. आजपासून बस चालवू नकोस."

आपेनिसा पुढच्या टोमण्याची वाट बघत राहिला. टोमणा आला नाही, तसं त्याचं तोंड हळूहळू उतरलं.

मग तो हलक्या आवाजात बोलायला लागला. उसाच्या गाडीच्या रुळांपुढच्या वळणावर चार वर्षं त्याला माणसं दिसत होती. डावीकडे, जिथे क्षणापूर्वी काहीच नसायचं, तिथे एकदम एखादी बाई उभी, हात वर केलेला. पापणी लवेपर्यंत नाहीशी. कुणाला सांगितलं नाही. मेलेली माणसं बघणाऱ्याच्या हाती बस कोण देईल? फक्त गावातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा म्हणाला, थांबू नकोस, थांबलास की चढतील. म्हणून तो थांबत नव्हता. थांबा चुकला म्हणून मागचे प्रवासी शिव्या घालायचे, त्या तो खाली मान घालून ऐकायचा. गेल्या महिन्यात डावीकडचा आरसा कशाला तरी लागून आत वाकला. तेव्हाही थांबला नाही. घरी जाऊन मेलेल्यांच्या नावाने जमिनीवर कटोराभर यंगोना, मुळांचं ते पेय, ओतली, हात जोडले आणि झोपला.

बाहेर बाकावर पुढचे पेशंट खोकत होते. आपेनिसाने हनुवटी अजून उचलली नव्हती.

"विलिकेसा," तो म्हणाला. तवाले म्हणाला नाही. "ती माणसं जिवंत होती का रे?"