दप्तरातली किल्ली

शाळेच्या विद्यार्थी-एक्स्चेंज योजनेतून वर्षभरासाठी परदेशात आलेल्या मुलीला यजमानीणबाईंनी पहिल्याच दिवशी घराची किल्ली दिली होती. तीन महिने ती दप्तराच्या तळाशीच पडून होती. परक्याच्या घरात आपणच कुलूप उघडून शिरणं तिच्या जिवावर यायचं. ती रोज बेल वाजवायची. बाईंचे म्हातारे वडील काठी टेकत यायचे आणि करवादायचे, "किल्ली काय शोभेला दिलीय?" आज चारदा बेल वाजवली, तरी काठीची टकटक नाही. पत्रं टाकायच्या फटीतून तिनं पाहिलं, तर आजोबा जिन्याखाली आडवे! दप्तर पायरीवर पालथं केलं तेव्हा किल्ली सापडली. आधी उलटीच फिरवली, मग दार उघडलं. आजोबा कण्हले, "सापडली का एकदाची?" अँब्युलन्सला फोन लावून तिनं पत्ता सांगितला. "तुम्ही कोण? शेजारच्या का?" पलीकडून प्रश्न आला. किल्ली मुठीत आवळून ती म्हणाली, "नाही, घरातलीच."