रिकामं स्टूल

प्रियदर्शनी देवणीहून येऊन लातूरच्या एका दाळमिलमध्ये कामाला लागली. दिवसभर सरकत्या पट्ट्यावरच्या दाळीतले खडे वेचायचे आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचे. पाचव्या दिवशी तिची पाठ भरून आली, बोटं बधिर झाली.

त्या दुपारी लाईट गेली. पट्टा थांबला, बायांनी हात मांडीवर ठेवले. तरी डब्यात खडे पडल्याचा आवाज चालूच होता. टण. टण. तिच्या शेजारच्या रिकाम्या स्टुलापाशी.

"तिकडं बघू नको," समोरच्या केवळाबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांत सवय होती. मग ऐकू येत न्हाई."

कुणाचा आवाज, हे विचारण्याचंही त्राण तिच्यात नव्हतं.

सोळाव्या दिवशी पुन्हा लाईट गेली. कुठेच आवाज नव्हता. प्रियदर्शनीनं डोळे मिटले. इथं आल्यापासून पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

तिच्या दुसऱ्या बाजूला शिल्पा बसली होती. ती त्याच सकाळी कामाला लागली होती. प्रियदर्शनीच्या डब्याकडे बघत ती दबकत म्हणाली, "ताई, लाईट गेली की. तुम्ही अजून खडे का टाकायलात?"

प्रियदर्शनीनं खाली पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.