आकाशी ड्रेस

"ओढणीला पिना लाव गं, फार सुळसुळते ती," म्हणत हेमाने आपला एकुलता एक चांगला ड्रेस मंजिरीच्या हातात ठेवला. मावसबहिणीच्या साखरपुड्याला घालायचाय, असं मंजिरीने तिला सांगितलं होतं.

साखरपुडा वगैरे काही नव्हता. मंदीचं साल होतं. दोघी इंजिनिअर होऊन वर्ष होत आलं, तरी साताऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत बसून अर्जांवर अर्ज पाठवणंच चाललं होतं. अखेर घरमालकीण काकूंच्या फोनवर पुण्याच्या एका कंपनीचा निरोप आला: दोघींनी सोमवारी मुलाखतीला या, जागा मात्र एकच आहे. फोन मंजिरीने घेतला. हेमाचे मार्क तिच्यापेक्षा बरेच वर होते. निरोप तिने पोटातच ठेवला.

नोकरी मंजिरीला लागली. ड्रेस धुऊन, इस्त्री करून, वर पेढ्यांचा पुडा ठेवून ती हेमासमोर उभी राहिली. "अगं, अचानकच ठरलं सगळं," ती कशीबशी म्हणाली.

हेमाने पेढा घेतला आणि ड्रेस परत तिच्याकडे सरकवला. "राहू दे तुझ्याकडेच. आता रोज लागेल."

मग खिडकीकडे बघत ती म्हणाली, "कंपनीने शनिवारी पुन्हा फोन केला होता, दोघी येताय ना विचारायला. तो मी घेतला. सोमवारी तुला सोडायला स्टँडवर आले, तेव्हा पिशवीत माझी फाइल होती. वाटलं, बस सुटायच्या आत तरी म्हणशील, चल."