अकरा गतिरोधक

"जोरात हाण, पण आदळू नकोस! वडजीत जन्मलेल्याला अक्कल कुठली!" मी जीप चालवत होतो, निमखेडचे सरपंच मागच्या सीटवरून माझ्यावर खेकसले. शेजारी त्यांची सून कळांनी विव्हळत होती.

अक्कल काढायचीच तर, निमखेडसमोर राज्यमार्गावर पाच गतिरोधक यांनीच घालून घेतले होते. गाड्यांनी गावापुढे मान लववावी म्हणून! मग शेजारच्या आमच्या वडजीने ईर्ष्येने सहा घातले. तालुक्याचा दवाखाना त्या अकरांच्या पलीकडे.

निमखेडचे पाच कसेबसे निभावले. वडजीच्या चौथ्यावर जीप उडाली आणि सून किंचाळली, "थांबवा!" चहाच्या टपरीवरच्या बायका धावल्या, लुगड्यांचा आडोसा धरला. नातू जीपमध्येच जन्मला.

सरपंच मिशीला पीळ देत होते, तोच वडजीचे ग्रामसेवक वही घेऊन हजर.

"जन्म आमच्या हद्दीत, नोंद आमच्याकडं. जन्मस्थळ, वडजी."

"अहो, निमखेड लिहा की!" सरपंच गयावया करू लागले. ग्रामसेवकांनी शांतपणे वडजीच लिहिलं.

दवाखान्याकडे निघालो. वडजीचा पाचवा गतिरोधक दिसताच मी आरशात बघून अदबीनं विचारलं, "सरपंच, हाणू का हळू घेऊ? मला अन् तुमच्या नातवाला काय, अक्कल नाही. तुम्हीच सांगा."