जुन्या वाणाची सरशी

मक्याची नवी वाणं काढण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. बियाणं खरंच सुधारलं, की नुसतं खत वाढलं म्हणून पीक वाढलं, हे एकदाचं कळावं म्हणून तिने यंदा आपली नवी वाणं आणि तिला शिकवणाऱ्या सरांनी काढलेलं जुनं वाण एकाच शेतात लावलं. खत तेच, पाणी तेच. दाणे काट्यावर चढले आणि तिचं तोंड एवढंसं झालं. सरांचं वाण अजूनही पुढेच होतं.

निकाल बघायला निवृत्त सर मुद्दाम आले होते. संशोधन केंद्राच्या संचालकांनी त्यांचा हात धरला. "सर, मानलं बुवा तुम्हाला! इतकी वर्षं झाली, तुमच्या वाणाला हरवणारं कुणी निघालंच नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मान खाली घालून तिनेही वाजवल्या.

"हसा सर आता मला," ती चिडून म्हणाली. "उन्हात करपले नुसती. हाती काय आलं?"

सरांनी संचालकांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"अभिनंदन कसलं करताय?" ते कडाडले. "हे वाण एव्हाना मोडीत निघायला हवं होतं! हिला शिकवलं कोणी? मीच ना?"

मग तिच्याकडे वळून, बाह्या सरसावत ते म्हणाले, "चल, कुठे अडतंय ते दाखव. तू मला हरवेपर्यंत मी कसला निवृत्त होतोय!"